रोगी आधीं, पदवी मागाहून

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त नागपूर येथें प्रौढ स्त्रीपुरुषांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवांत व्याख्यान देण्याचा मान सामान्यतः विद्वानांस मिळतो. मी शाळेंत गणित शिकविणारा साधा मास्तर आहें. तरीहि फादरांनीं मला येथें उभें केलें, याचें कारण एवढेंच कीं, एका प्रश्नानें मला दोन वर्षें स्वस्थ झोपूं दिलें नव्हतें, आणि तोच प्रश्न घेऊन आतां आपल्यांतील आणखी तीनचार जण त्यांच्याकडे आले आहेत. प्रश्न असा : चाळिशीच्या आसपास हातचा व्यवसाय सोडून मनुष्यानें वैद्यकीकडे वळावें, कीं न वळावें ?

नागपूर हें तसें पाहिलें तर रुग्णालयांचेंच शहर आहे. मेयो आणि मेडिकल हीं दोन नांवें येथें रिक्षावाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांच्या तोंडीं असतात. विदर्भांतून, तसेंच मध्य प्रदेश व छत्तीसगड येथूनहि रोगी येथें येतात. आपल्या धर्मग्रामांत तर, ज्यांत एकहि परिचारिका नाहीं असें घर विरळा. तेव्हां रोग्यांच्या सेवेचा विचार मनांत येणें आपणांस नवें नाहीं. नवें आहे तें हें कीं, त्या विचारास आतां वयाच्या नियमाचा अडसर उरलेला नाहीं. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेस पूर्वीं सर्वसाधारण वर्गाकरितां २५ वर्षांची कमाल मर्यादा होती. तिच्याविरुद्ध न्यायालयांत दावे झाले, आणि २०२२ सालीं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें ती मर्यादाच काढून टाकली. त्यापूर्वीं २०२० सालीं ओडिशांतील एक निवृत्त बँक अधिकारी वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं ही परीक्षा उत्तीर्ण होऊन वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाले, तेव्हां वर्तमानपत्रांतून त्यांचें मोठें कौतुक झालें. दार उघडें आहे. परंतु दार उघडें असणें निराळें, आणि आपणांस आंत बोलावणें असणें निराळें.

माझी स्वतःची गोष्ट सांगतों. चार वर्षांपूर्वीं माझी आई कर्करोगानें आजारी पडली. आठ महिने आम्हीं रुग्णालयाच्या पायऱ्या झिजविल्या. तेथील डॉक्टर कामाच्या ओझ्यानें वांकलेले. ते येत, कागद पाहत, उभ्याउभ्या दोन शब्द बोलत आणि पुढच्या खाटेकडे जात. मी त्यांस दोष देत नाहीं. त्यांत एक तरुण डॉक्टर मात्र रोज सायंकाळीं लोखंडी स्टूल ओढून आईच्या उशाशीं बसे. फार बोलत नसे. दोन मिनिटें, फार तर तीन. परंतु त्या दोन मिनिटांची वाट आई दुपारच्या चार वाजल्यापासून पाहत असे. ती गेली त्या रात्रीं मीं मनाशीं ठरविलें कीं, उरलेलें आयुष्य आपण त्या स्टुलावर बसून काढावयाचें. माझें वय तेव्हां बेचाळीस होतें.

महिन्याभरांत मीं अकरावी-बारावीचीं पुस्तकें आणलीं. बारावीस जीवशास्त्र घेतलेलें होतें, त्यामुळें तीहि अडचण नव्हती. रात्रीं शाळेच्या वह्या तपासून झाल्या कीं मी पेशींचे भाग आणि हृदयाचे कप्पे घोकीत बसें. माझी पत्नी परिचारिका आहे. अठरा वर्षें तिनें रात्रपाळ्या केल्या आहेत. पंधरा दिवस ती कांहींच बोलली नाहीं. मग एके रात्रीं चहा पुढें ठेवून तिनें विचारलें, “तुम्हांला डॉक्टर व्हायचें आहे, कीं आईंना वांचवायचें आहे ? आई तर गेल्या.” मीं तीन दिवस तिच्याशीं अबोला धरला. चवथ्या दिवशीं मला उमगलें कीं, प्रश्न खोटा होता म्हणून कांहीं मला राग आलेला नव्हता.

बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा प्रभूचा दृष्टांत आपण अनेकदां ऐकला आहे. गणिताच्या मास्तरानें तरी तो मनावर घ्यावा, असें म्हणून मीं वहीचीं दोन पानें फाडलीं.

पहिल्या पानावर वर्षें मांडलीं. परीक्षेस दरवर्षीं २० लाखांहून अधिक उमेदवार बसतात. १८० प्रश्न, ७२० गुण. नोकरी सांभाळून तयारीस दोन वर्षें धरलीं, तर प्रवेशाच्या वेळीं वय चव्वेचाळीस. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यावर सक्तीची एक वर्षाची उमेदवारी, म्हणजे साडेएकोणपन्नास. सरकारी महाविद्यालयांत शिकल्यास महाराष्ट्रांत आणखी एक वर्षाची बंधनसेवा, म्हणजे साडेपन्नास. एखाद्या शाखेचा तज्ज्ञ व्हावयाचें तर पुन्हां प्रवेशपरीक्षा आणि पुढें तीन वर्षें, म्हणजे चौपन्न-पंचावन्न. आतां साडेपन्नासाव्या वर्षीं डॉक्टर झालेला मनुष्य प्रकृति ठीक असल्यास पुढें पंधरावीस वर्षें काम करूं शकतो, आणि तें कांहीं थोडें नव्हे. म्हणून पहिलें पान मला परावृत्त करूं शकलें नाहीं.

दुसरें पान कठीण होतें. त्यावर माझा पगार बंद पडल्यास कोणाचें काय अडेल तें लिहावयाचें होतें. घराच्या कर्जाचीं नऊ वर्षें उरलीं होतीं. वडील थकले होते. पत्नीच्या रात्रपाळ्या वाढणार होत्या. थोरली मुलगी दहावींत होती. तिलाहि दोन वर्षांनीं कोठें तरी शिकावयास जावयाचें होतें. पेटी एकच, आणि तींत हात घालणारे दोघे. मी ज्यास माझा त्याग म्हणत होतों, त्याची किंमत माझ्या एकट्याच्या खिशांतून जाणार नव्हती, हें त्या पानानें मला प्रथम दाखविलें.

हा हिशेब चालला असतां, ज्यांनीं अर्ध्या वाटेवर अशी दिशा बदलली त्यांचीं चरित्रें मी वाचूं लागलों. त्यांपैकीं तिघांविषयीं सांगतों.

पहिले आल्बर्ट श्वाइट्झर. त्यांचा जन्म १८७५ सालचा. स्ट्रासबुर्ग येथें ते धर्मशास्त्राचे अध्यापक होते, आणि ऑर्गनवादक म्हणूनहि त्यांचा लौकिक होता. १९०५ सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, त्यांनीं त्याच विद्यापीठांत वैद्यकाचा विद्यार्थी म्हणून नांव घातलें. मित्रांस तें मुळींच पटलें नाहीं. तरी ते शिकले, आणि १९१३ सालीं आफ्रिकेंतील लांबारेने येथें रोग्यांच्या सेवेस गेले. तेव्हां ते अडतीस वर्षांचे होते. हें उदाहरण आपण उत्साहानें सांगतों, पण त्यांतील दोन गोष्टी विसरतों. एक, शिकत असतां त्यांच्यावर मुलाबाळांचा भार नव्हता. दुसरी, १९१२ सालीं ज्यांच्याशीं त्यांनीं विवाह केला, त्या हेलेनबाईंनीं स्वतः शुश्रूषेचें शिक्षण घेतलें होतें. तें जाणें दोघांनीं मिळून ठरविलेलें जाणें होतें.

दुसरे संत कामिलस, रोग्यांचे व परिचारिकांचे आश्रयदाते. त्यांचा जन्म १५५० सालीं इटलींत झाला. तारुण्य शिपाईगिरींत आणि जुगारांत गेलें. पायाची जखम भरेना म्हणून ते रोममधील सान जाकोमो रुग्णालयांत आले, तेथेंच रोग्यांची चाकरी करूं लागले, आणि पुढें त्याच रुग्णालयाचे व्यवस्थापक झाले. रोग्यांची हेळसांड पाहून, प्रेमानें सेवा करणाऱ्यांचा एक संघ असावा असें त्यांस वाटूं लागलें. परंतु शिक्षणाची उणीव आड आली. तेव्हां तिशी उलटलेला हा उंच, धिप्पाड मनुष्य लहान मुलांच्या संगतीनें लॅटिन शिकावयास बसला, आणि १५८४ सालीं धर्मगुरू झाला. येथें क्रम ध्यानांत घ्यावा : जखम आधीं, सेवा मग, आणि शिक्षण त्यानंतर.

तिसरे आपल्याच भागांतले. मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजीं हिंगणघाट येथें एका जमीनदार घराण्यांत झाला. कायद्याची पदवी घेऊन ते वरोरा येथें वकिली करूं लागले. १९४२ च्या चळवळींत पकडलेल्यांच्या बचावासाठीं ते उभे राहिले. १९४६ सालीं नागपूरच्या इंदू घुले यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्याच पुढें साधनाताई म्हणून सर्व महाराष्ट्रास परिचित झाल्या. वरोऱ्यास सफाई कामगारांत मिसळून बाबा स्वतः मैला वाहूं लागले होते. त्या दिवसांत एकदां भर पावसांत त्यांस तुळशीराम नांवाचा कुष्ठरोगी रस्त्याकडेला मरणाच्या दारीं पडलेला दिसला. आणि निर्भय म्हणून ख्याति असलेला हा मनुष्य त्या देहाकडे पाहून भिऊन पळाला.

त्या पळण्याची लाज त्यांस घरीं स्वस्थ बसूं देईना. ते परत गेले, तुळशीरामास आडोसा केला, आणि त्याच्या मरणापर्यंत त्याची शुश्रूषा केली. त्यानंतर ते लगेच पदवीच्या मागें लागले नाहींत. वरोऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यांत जाऊन काम करूं लागले. मग कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन येथें जाऊन त्यांनीं कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम केला. वकील मनुष्य, वय पस्तिशीच्या आसपास, घरीं दोन लहान मुलें. डॅप्सोन हें औषध त्याच सुमारास कुष्ठरोगावर वापरांत येऊं लागलें होतें. ज्या रोग्यांस तोंवर केवळ आसरा देतां येत होता, त्यांस आतां खरोखर गुणकारी उपचार देणें शक्य झालें होतें. १९४९ सालीं वरोऱ्यास महारोगी सेवा समिति स्थापन झाली, आणि १९५१ सालीं पत्नी, दोन मुलगे, सहा रोगी, एक लंगडी गाय व चौदा रुपये यांसह ते खडकाळ जमिनीवर राहावयास गेले. तेंच आनंदवन. २००८ सालीं त्यांचें देहावसान झालें.

बाबा एम.बी.बी.एस. कधींच झाले नाहींत. आपल्या रोग्यांस जेवढें ज्ञान आवश्यक होतें तेवढें ते शिकले, आणि त्यांतून एक गांव उभें केलें. संपूर्ण वैद्यकी त्यांच्या घरांत पुढच्या पिढीनें आणली. विकास आणि प्रकाश हे दोन्ही मुलगे डॉक्टर झाले. प्रकाश व त्यांच्या पत्नी मंदाकिनी हीं दोघें, १९४७ सालीं सुरू झालेल्या आपल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलीं, आणि १९७३ पासून हेमलकसा येथें माडिया आदिवासींची सेवा करूं लागलीं. बापानें दिशा बदलली, पण मुलांनीं वेळेवर शिक्षण घेतलें. दोहोंवांचून तें कार्य पुरें झालें नसतें.

त्याच महाविद्यालयांतून शिकलेलें दुसरें जोडपें म्हणजे अभय आणि राणी बंग. गडचिरोली जिल्ह्यांतील त्यांच्या ‘सर्च’ संस्थेनें खेड्यांतील थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचें शिक्षण दिलें : वजन करणें, ऊब देणें, गुदमरलेल्या बालकास श्वास देणें, जंतुसंसर्ग ओळखणें, आणि प्रसंगीं इंजेक्शन देणें. १९९९ सालीं या कामाचा अहवाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ३९ गांवांत, तिसऱ्या वर्षापर्यंत, नवजात बालकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटल्याचें त्यांत दिसून आलें. त्या स्त्रियांपाशीं पदवी नव्हती. परंतु त्यांच्या पाठीशीं पदवीधर डॉक्टर उभे होते, हेंहि तितकेंच खरें. तेव्हां मी पदवीस कमी लेखतों असें कोणी समजूं नये. मला म्हणावयाचें आहे तें इतकेंच कीं, रोग्यापर्यंत जाण्याच्या वाटा अनेक आहेत, आणि आपली वाट कोणती हें रोग्याजवळ गेल्यावांचून कळत नाहीं.

हीं चरित्रें वाचून मीं तिसरें पान घेतलें आणि वरती एकच ओळ लिहिली : माझा तुळशीराम कोण ? उत्तर सुचेना. माझ्यापुढें स्टुलावर बसलेला मी मला दिसत होतों. खाटेवर कोण आहे तें दिसत नव्हतें.

पत्नीनें उपाय काढला. “एक वर्ष माझ्याबरोबर चला,” ती म्हणाली. “पुस्तकें कोठें पळून जात नाहींत.” आपल्याच वस्तींत, बरें होण्याची आशा सरलेले कांहीं रोगी घरोघर पडून आहेत. एका डॉक्टरांच्या देखरेखीखालीं ती सुट्टीच्या दिवशीं त्यांस पाहावयास जात असे. मी तिची पिशवी उचलून मागोमाग जाऊं लागलों. पहिल्याच घरीं तिनें एका वृद्धाच्या पाठीवरील शय्याव्रण उघडला. तो वास आणि तें मांस पाहून मला घेरी आली. फोन आल्याचें खोटेंच सांगून मी अंगणांत जाऊन उभा राहिलों. बाबा आमट्यांची गोष्ट वाचलेली असूनहि मला तें टळलें नाहीं. पुढच्या शनिवारीं मात्र आंतच थांबलों. त्या घरीं स्टूल नव्हतें. मी पालथ्या बादलीवर बसलों.

त्या वर्षांत मी बरेंच शिकलों. निजून असलेल्या रोग्यास दर दोन तासांनीं कूस बदलून द्यावी लागते, नाहीं तर पाठ सडते. कर्करोगाच्या वेदनेवर डॉक्टरांनीं ठरवून दिलेलें मॉर्फिन दुखूं लागण्याची वाट न पाहतां घड्याळाप्रमाणें द्यावें लागतें. तोंड कोरडें पडलेल्या माणसास भरल्या पेल्यापेक्षां ओल्या कापडाचा बोळा अधिक सुख देतो. आणि पुष्कळदां रोग्यापेक्षां त्याची सून अधिक थकलेली असते. तिला तासभर झोपूं देणें हीहि शुश्रूषाच आहे.

वर्ष संपतांना माझ्या लक्षांत आलें कीं, जीवशास्त्राच्या पुस्तकांवर धूळ बसली आहे, पण शनिवार एकहि चुकला नाहीं. रोगाचें निदान करण्याची ओढ मला नव्हती. रोग्याजवळ बसण्याची होती. तेव्हां मीं एम.बी.बी.एस.ची वाट घेतली नाहीं. मी अजून शाळेंत गणित शिकवितों, आणि शनिवार-रविवारीं पिशवी उचलतों. मुलगी आतां वाणिज्य शाखेंत शिकत आहे. पेटी तिच्यासाठीं उघडी राहिली.

यांत खंत मुळींच नाहीं, असें म्हटल्यास तें खोटें होईल. एकदां अपरात्रीं एका आजीबाईंना ताप चढला. काय द्यावें याचा मला अंदाज होता, परंतु देण्याचा अधिकार मला नव्हता, आणि नसावा हेंच योग्य. डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत मी पाण्याच्या घड्या ठेवीत बसलों. तीं वीस मिनिटें मला फार लांब वाटलीं. निवडलेल्या वाटेवर न निवडलेल्या वाटेची आठवण अशी मधूनमधून भेटावयास येते. तिला पाट द्यावा, पण घर देऊं नये.

आतां कोणी म्हणेल, मास्तर स्वतः गेले नाहींत म्हणून इतरांस अडवूं पाहतात. तसें नाहीं. आपल्यांतील एका भगिनीनें मला हाच प्रश्न विचारला. वय अडतीस, पंधरा वर्षें रक्त तपासण्याच्या कामांत गेलेलीं, घरावर कर्ज नाहीं, पतीचा मनापासून पाठिंबा. नळींतील रक्त पाहून हा मनुष्य कोण, त्यास काय झालें असेल, असें तिच्या मनांत रोज येतें, आणि तें जाणण्याची तिची भूक पंधरा वर्षांत शमलेली नाहीं. तिला मीं सांगितलें, “ताई, तुम्ही अवश्य परीक्षेस बसा.” आजच्या नियमाप्रमाणें प्रवेशापासून नऊ वर्षांच्या आंत अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, आणि पहिल्या वर्षाच्या परीक्षेस चारच संधि मिळतात, हेंहि तिला सांगितलें. ती या वर्षीं परीक्षेस बसणार आहे. माझा हिशेब एका बाजूस झुकला, तिचा दुसऱ्या; कारण तराजू एकच असला तरी पारड्यांतील वस्तु निराळ्या होत्या.

म्हणून ज्यांच्या मनांत हा विचार घोळत आहे त्यांस माझी विनंति एवढीच कीं, अर्ज भरण्यापूर्वीं आपणांस तीन प्रश्न विचारावे. मी कोणत्या रोग्याजवळ आजवर बसलों आहें, आणि त्याचा वास, त्याची चिडचिड, त्याचें मरण पाहूनहि पुन्हां गेलों आहें काय ? मला हवी आहे ती विद्या, कीं सेवा, कीं केवळ आपल्या दुःखावर इलाज ? आणि तिसरा प्रश्न सर्वांत कठीण : माझ्या जाण्याची किंमत जे भरणार आहेत, त्यांस मीं विचारलें आहे काय ? केवळ सांगितलें नव्हे, विचारलें आहे काय ?

या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं, तर वय बेचाळीस असो कीं बावन्न, भिऊं नये. न मिळालीं, तर निराश होऊं नये. आपल्या गल्लींत एखाद्या घरीं आज सायंकाळींहि कोणी तरी दाराकडे डोळे लावून पडलेलें असेल. तेथें जाण्यास परीक्षा नाहीं, वयाची अट नाहीं, आणि स्टूल नसल्यास बादली पुरते.